किल्ली काढली तरी

किल्ली काढली तरी गाडी बंद झाली नाही. मला आधी वाटलं, नीट फिरली नसेल. परत घातली, परत फिरवली, परत काढली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझले, रेडिओचं घड्याळ गेलं, आणि इंजिन मात्र चालूच. चालू कसलं, चढतच गेलं. माझा पाय पॅडलवर नव्हता. एक पाय तर बाहेर रॅम्पच्या सिमेंटवर होता, दार उघडं, मी अर्धा सीटवर. आवाज वाढत वाढत अशा ठिकाणी पोचला की तो कानाने ऐकायचा राहिला नाही, दातांत शिरला. मी बाहेर उडी मारली आणि हातातल्या किल्लीकडे बघत उभा राहिलो. इतका बावळटासारखा मी आयुष्यात कधी उभा राहिलो नसेन, आणि तसे प्रसंग कमी आले आहेत असंही नाही. मागून निळसर पांढरा धूर सुटला, रॅम्पच्या दोन्ही भिंतींवर आपटून परत माझ्याच अंगावर आला. उद्या सकाळी बायकोला घेऊन घाट चढायचा होता. ह्याच गाडीतून. सामान मागे, ही शेजारी, आणि मी एका दमात वरपर्यंत. तेवढंच डोक्यात होतं, दुसरं काही नाही.

डिझेल गाडी असं करू शकते हे मला माहीत होतं. म्हणजे फोनवर बघितलं होतं, जेवताजेवता. एक दाढीवाला आहे, तो स्वतःच्या गाड्या घरीच खोलतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. गेले चार महिने मी ह्या माणसाच्या सहवासात जितका होतो तितका सख्ख्या भावाच्या कधी नव्हतो. त्याने सांगितलं होतं की पेट्रोलला ठिणगी लागते, ठिणगी तोडली की खेळ खलास. डिझेलला ठिणगी लागतच नाही. जळायला काहीतरी हवं आणि हवा हवी, बास. आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, लावलेली गाडी एकदा का स्वतःचंच इंजिन ऑइल ओढायला लागली, की ती डिझेलवाचून चालते, किल्लीवाचून चालते, मालकावाचून चालते. जोरात चालली की जास्त ऑइल ओढते, आणि जास्त ओढलं की आणखी जोरात चालते. ते ऑइल संपेपर्यंत. मग आत लोखंडावर लोखंड घासतं, अडकतं, आणि इंजिन कायमचं जातं. हे सांगताना दाढीवाला हसत होता. त्याला काय जातंय हसायला? अशा वेळी क्लच असेल तर मोठा गिअर टाकून इंजिन कोंडून मारा, नाहीतर हवा शिरते त्या तोंडावर जाड फळी दाबून धरा, म्हणाला. हात लावू नका, हात लावू नका, असं मात्र दोनदा म्हणाला. माझी गाडी ऑटोमॅटिक. क्लचच नाही. फळी नाही. हात होता.

आणि गंमत बघा, मी लिफ्ट तपासणारा माणूस. इमारतींमधल्या लिफ्ट. वर जाते का हे बघायला मला कोणी पगार देत नाही, ते सगळ्यांना दिसतंच. थांबते का हे मी बघतो. दोर तुटला तर थांबेल का, वीज गेली तर थांबेल का, माणसं जास्त झाली तर थांबेल का. शाफ्टच्या तळाशी उभं राहून वरून येणारा डबा डोक्यापासून हातभर अंतरावर थांबताना मी बघितला आहे आणि माझी पापणी लवलेली नाही. हिला त्याचं सुरुवातीला कौतुक होतं. मैत्रिणींना सांगायची, आमच्याकडे थांबवायचं खातं आहे. मग एकदा म्हणाली, "त्या लिफ्टशी बोलतोस तेवढं माझ्याशी बोलत जा." चेष्टेत म्हणाली. मग काही वर्षं चेष्टा वगळून म्हणाली. मग म्हणायचीच बंद झाली आणि मला वाटलं, चला, मिटलं. मला खरंच तसं वाटलं. घरात शांतता आली, मी ती शांतता पेपर वाचण्यात वापरली. ही शाळेच्या वह्या तपासत समोर बसायची. मधेच मान वर करून खिडकीकडे बघायची. मी विचारायचो, "काय गं?" ती म्हणायची, "काही नाही." विचारलं ना, झालं, असं मला वाटायचं.

बॉनेट उघडंच होतं. आत सगळं थरथरत होतं, मी स्वतः बसवलेलं सगळं. मोठा टर्बो, जाड होज पाइप, हवा गार करणारा नवा इंटरकूलर, आणि हवा घेणारा तो उघडा, भोंग्यासारखा फिल्टर. तो फिल्टर मी किती कौतुकाने बसवला होता! आता तो श्वास घेत होता, आणि असा घेत होता की शेजारचं फडकं हळूहळू त्याच्याकडे सरकत होतं.

ह्या सगळ्याचं मूळ त्या घाटात. घाटापलीकडे वर एक मोठी निवासी शाळा आहे, तिथे मुख्याध्यापिका हवी होती. हिने मला न सांगता अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, बसने कशाला, मी सोडतो. मोठ्या तोऱ्यात. अर्ध्या घाटात टर्बोने शीळ घातली, मग शीळ बंद झाली आणि गाडीचा जीवच गेला. पेंड लादलेले ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते. मागून काळा धूर. ही नुसती मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची आणि मी बघतोय असं दिसलं की बाही खाली ओढायची. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. एका वळणावर गाडी उभीच राहिली. मी बॉनेट उघडलं. ही बाहेर आली आणि म्हणाली, "मी जाऊ का पुढे?" विचारलं खरं, पण पर्स खांद्याला लावून विचारलं. तेवढ्यात बस आली, हिने हात केला, बस थांबली. माझ्यासाठी नाही थांबली, हिच्यासाठी थांबली. बसच्या मागच्या काचेतून मला दिसलं. शेजारच्या बाईने सरकून जागा दिली, काहीतरी बोलली, आणि ही हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. मी पाना हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा. हिला असं हसताना मी किती दिवसांत बघितलं नव्हतं हे आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना. दुपारी फोन आला, "मिळाली." मी म्हटलं, "इथे अजून गाडी ओढून न्यायला टोचनवाला आला नाही." हे मी म्हटलं. अभिनंदन संध्याकाळी केलं, पण ते काय उपयोगाचं.

आणि मग मी गाडीच्या मागे लागलो. माझ्या मनाने कसं ठरवलं कोण जाणे, पण ठरवलं: गाडी घाट चढली की सगळं होईल. ही वर राहील, मी दर शनिवारी जाईन, रविवारी उतरेन. दमदार गाडी, दोन तासांचा रस्ता, त्यात काय? घाटात अडकलो म्हणून तुटलं असेल, तर घाट चढून जोडता येईल. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, गॅरेजला द्या ना. नसती उठाठेव कशाला?" त्याला मी म्हटलं, गॅरेजवाले लुटतात. खोटं. मला ती माझ्या हाताने व्हायला हवी होती. दुसऱ्याने केलेल्या गाडीतून हिच्याकडे जायचं, त्यात माझं काय राहिलं असतं?

गॅरेज म्हणाल तर आम्हाला नाहीच. खाली पार्किंगमध्ये सेक्रेटरींनी मनाई केली, फरशीला ऑइलचे डाग पडतात. खूप गयावया केली तेव्हा रॅम्पच्या कडेची पट्टी मिळाली. रस्त्यावरून तळघरात उतरणारा उतार, त्याच्या बाजूला गाडी वर तोंड करून उभी, मागच्या चाकांना विटा. तिथेच पडून, तिथेच रांगून मी ती खोलली. हातातून नट सुटला की टणटण करत थेट तळघरात. मी त्याच्यामागे. वर येऊन बघावं तर पाना निघालेला. वॉचमन म्हणायचा, "साहेब, दोरी बांधा ना त्यांना." रविवारी आलेगेले थांबून सल्ले द्यायचे. जुना टर्बो घरी नेला, जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून ठेवला. ही त्याच्या शेजारी ताट ठेवून जेवायची. एकदा म्हणाली, "हे पाहुणे कधी जाणार?" मी खूप हसलो. मला वाटलं, चेष्टा परत आली, म्हणजे सगळं ठीक होतंय. मग मी लॅपटॉप जोडून गाडीच्या कंप्युटरमध्ये नवं सेटिंग टाकलं, ते हिला समजावून सांगितलं, अगदी आकृती काढून. हिने सगळं ऐकून घेतलं. "आता बघ," मी म्हटलं, "ट्रकवाले मागे राहतील. दर शनिवारी दुपारी मी तुझ्या दारात." ती म्हणाली, "बघू." मी म्हटलं, "बघू काय, येणारच." ती कपाटातले कपडे काढत होती. हिवाळ्याचे काढले, उन्हाळ्याचे काढले, तिच्या आईचा भिंतीवरचा फोटो काढला. भिंतीवर त्याचा फिकट चौकोन राहिला. तिथे काय लावायचं, असं मी विचारलं. तो काढलाच का, असं नाही विचारलं.

इंजिन किंचाळत होतं. इतकं ऑइल ह्याच्या घशात गेलं कुठून? मी नवा टर्बो बसवलाय, सगळे सांधे माझ्या हाताने आवळलेत, थेंब गळत नाही. आणि मग मला आठवलं. सकाळी मी ऑइल बघितलं होतं. ती लांब पट्टी असते ना, काढायची, पुसायची, परत घालायची. कोरडी आली. म्हणून ओतलं. परत बघितली, टोक जेमतेम ओलं. आणखी ओतलं. डबा संपला तर वॉचमनकडून दुसरा मागवला. पट्टीवर खुणेपर्यंत आलं तेव्हा समाधानाने झाकण लावलं. पण गाडी उतारावर उभी होती! तोंड वर, शेपूट खाली. ऑइल सगळं मागे गेलेलं, आणि पट्टी पुढच्या टोकाला. म्हणजे मी ओतलेलं सगळं जादा होतं, आणि तेच आता इंजिन ओढत होतं. ऑइल सपाटीवर बघायचं असतं हे गाड्या पुसणाऱ्यालाही माहीत असतं. माझ्या ऑफिसच्या बॅगेत सपाटी बघायची पाणसळ असते, मी लिफ्टचे रूळ तिने बघतो. पण चार महिने मी त्या उतारावर इतका राहिलो होतो की तो उतार आहे हेच मला दिसेनासं झालं होतं. पाय आपोआप तिरके पडायचे, डबे आपोआप विटेला टेकवून ठेवायचो. मी कपाळावर हात मारून घेतला. खरोखरचा मारला, काळा हात, कपाळावर ऑइल.

गाडीतली रबराची मॅट ओढून काढली. म्हटलं, फळी नाही तर हीच दाबू. बॉनेटपर्यंत गेलो. अंगावर भट्टीसारखी वाफ आली, आवाज छातीवर बसला, आणि माझे पाय थांबले. मी त्यांना सांगितलं चला, ते चालेनात. शाफ्टच्या तळाशी पापणी न लवणारा मी, मला माझ्याच फिल्टरची भीती वाटली. इंजिनचा तुकडा उडेल, पोटात घुसेल, असं स्पष्ट दिसायला लागलं. मी मॅट लांबूनच फेकली. ती बॅटरीवर पडली, तिथून घसरून खाली गेली. आता माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. मी मागे सरकत भिंतीला पाठ लावली. वर बाल्कन्यांत माणसं आली होती. सेक्रेटरी गेटपाशी दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होते, बहुतेक बंद करा, बंद करा. मी त्यांना किल्ली दाखवली. दुसरं काय दाखवणार?

धुरातून ही आली. जिना उतरून धावत आली असावी, मनगटात चिकटपट्टीचं रीळ तसंच होतं. तिने गाडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. माझा दंड धरला आणि मला भिंतीपासून ओढत रॅम्पच्या वरच्या टोकाला नेलं. दंड सोडला नाही. तिचा हात गार होता. माझ्या कानाशी काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही. तिचे केस धुरात भुरभुरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला इतकं बरं वाटलं की मला त्याची लाज वाटली. इंजिन मरत होतं, उद्याचा घाट गेला होता, आणि मी आपला, तिने दंड धरलाय म्हणून सुखात. किती दिवसांनी धरला होता तो!

मग मी बोलायला लागलो. आवाज एवढा होता की माझं मलाही ऐकू येत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं. समोर गाडीकडे बघत बोलत होतो. आधी हळू. मला एकट्याला ते घर नको आहे, म्हटलं. तुझ्या वह्या टेबलावर नसतील तर मी बसू कुठे, म्हटलं. मला विचारता येत नाही गं, तू काही नाही म्हणालीस की मला ते खरं वाटतं. बोललो की बरं वाटायचं, म्हणून आणखी मोठ्याने बोललो. ओठ हलत होते, घसा दुखत होता, आणि कोणाला काही कळत नव्हतं. भर दुपारी अख्ख्या इमारतीसमोर मी नागडा होतो आणि अंगावर आवाजाचं पांघरूण होतं. मग बाकीचे शब्द गेले आणि दोनच राहिले, तेच ओरडत राहिलो. जाऊ नकोस. जाऊ नकोस. इंजिनच्या वर आवाज काढायचा म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

आत काहीतरी दणकन आदळलं, गाडी एकदा अंग झटकल्यासारखी हलली आणि मेली. एका क्षणात. आणि त्या मोकळ्या, स्वच्छ शांततेत माझं "जाऊ नकोस!" चारही मजल्यांना ऐकू गेलं.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. गाडीतून टिकटिक करत लोखंड निवत होतं. तिने माझा दंड सोडला. एकदम नाही, एकेक बोट करत सोडला.

"अरे," ती म्हणाली, "सगळे बघतायत."

"बघू देत."

ती खाली बघत राहिली. मग माझ्यापुरत्या आवाजात म्हणाली, "मला जायचंय रे." आणि मी काही बोलायच्या आत, "नोकरी म्हणून नाही. मला जायचंय."

मी गाडीकडे हात केला. मूर्खासारखं विचारलं, "मग उद्या... उद्या कशी जाणार तू आता?"

"बसचं तिकीट काढलंय मी."

"कधी?"

"केव्हाच."

"मग हे सगळं मी... चार महिने... सांगायचंस ना गं मला!"

"तुझा जीव रमला होता त्यात," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तोच मी शोधत होतो. आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली. मला मोठ्याने रडायचं होतं, तिथेच रॅम्पवर बसून, पण सेक्रेटरी रुमाल नाकाला लावून येऊन पोचले होते. "अहो, आधी ही वर रस्त्यावर घ्या," ते म्हणाले, "पेटबिट घेतला तर खाली सगळ्यांच्या गाड्या आहेत." त्यांनी माझ्याकडे सरळ बघायचं टाळलं. चांगला माणूस. वॉचमनने चाकामागच्या विटा काढायला हात घातला, मी म्हटलं थांब, आधी सगळे मागे लागू दे, नाहीतर खाली जाईल. समोरच्या इमारतीतून दोघं आले. शर्टाच्या बाह्या सारत त्यांनी जागा धरली.

"आत कोणी बसायला हवं," सेक्रेटरी म्हणाले.

"मी बसते," ही म्हणाली.

ती कधीच ती गाडी चालवत नसे. माझ्याकडून किल्ली घेतली, दार उघडून बसली, सीट पुढे ओढली, तिचे पाय पोचत नव्हते. मी सांगितला तसा गिअर न्यूट्रलला टाकला. आरसा वळवून स्वतःच्या बेताचा करून घेतला. स्टिअरिंग जड झालं होतं, दोन्ही हातांनी धरलं. मी मागे डिकीवर तळवे टेकले, पत्रा अजून गरम होता. इतरांच्या श्वासात ऑइलचा वास, माझ्याही. वॉचमनने विटा काढल्या आणि गाडीचं सगळं ओझं एकदम माझ्या खांद्यावर आलं. वाटलं, आता खाली येते, आपल्यासकट. मग ती बोटभर वर सरकली. मग हातभर. काचेतून तिची मानच तेवढी दिसत होती, समोर रस्त्याकडे. खिडकीतून तिने एक हात बाहेर काढला.

"येतेय," ती म्हणाली. "अजून थोडं. हां, अजून थोडं."

मी ढकलत राहिलो.